लादी, पण बर्फाची

मी लादी बोलतेय. थांबा, फडकं आणि बादली आणू नका. घरात बसवतात ती लादी मी नव्हे. मी बर्फाची लादी. या दोघींमधला फरक आज सकाळी एका माणसाला वेळेवर कळला असता, तर माझं आयुष्य सरळ गेलं असतं आणि हे आत्मवृत्त सांगायची वेळ माझ्यावर आली नसती. ज्यांचं सरळ जातं, ते कुठे आत्मवृत्त सांगत बसतात?

वेळ थोडा आहे, म्हणून जन्मापासून सांगते, पण भराभर.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक बर्फाचा कारखाना आहे, तिथे मी जन्मले. आधी मी नुसतं पाणी होते, टँकरमधून आलेलं. उंच लोखंडी डब्यात मला ओतलं आणि तो डबा गार मिठाच्या पाण्यात सोडला. कडेकडेने मी गोठत गेले, मधोमध सगळ्यात शेवटी. मग डबा साध्या पाण्यात बुचकळून उलटा केला, तशी मी धाडकन बाहेर घसरले. जन्मल्या जन्मल्या एका माणसाने माझ्या अंगात आकडा रुतवला आणि मला फरफटत नेलं. आमच्यात बारसं नसतं.

मला ठेवलं त्या गारठ्याच्या खोलीत मागच्या भिंतीला एक जुनी लादी चिकटलेली होती. नवा माल दाराशी, जुना मागे, अशी तिथली रीत. त्यामुळे तिची पाळी कधी आलीच नव्हती. कडा झिजलेल्या, अंगाला भुसा, आणि पाठ भिंतीशी इतकी एकजीव झालेली की कुठे ती संपते आणि कुठे भिंत सुरू होते ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी मागच्या पावसाळ्याच्या आधीची," ती मला म्हणाली. "माझ्या बरोबरीच्या सगळ्या गेल्या. मी आहे."

"इतके दिवस काय केलंत?"

"सांगितलं की. आहे."

मला तिची दया यायला हवी होती. मला चीड आली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. दार उघडलं की मी पुढे सरकायला बघायची. आता लादी स्वतः कशी सरकणार म्हणा, पण मनाने सरकायची.

माणसांचं एक मला कळत नाही. कुठलीही वस्तू हातात घेतली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती टिकेल? चप्पल किती टिकेल, रंग किती टिकेल, कुणाचं लग्न झालं की शेजारच्या बाया पदराआडून तेच विचारतात. कशासाठी आहे, हे कुणी विचारत नाही. आशीर्वादसुद्धा बघा, शंभर वर्षं जग. जगून काय कर, ते गुलदस्त्यात.

असो. आज सकाळी कारखान्यातल्या शिवाजीशेठचा फोन वाजला. शेठ म्हणजे मालक नव्हे, नोंदी ठेवणारा माणूस. पण त्याला सगळे शेठ म्हणतात आणि तो नको म्हणत नाही. फोन त्याने स्पीकरवर टाकला, कारण त्याचा एक हात वडापावात होता.

"हॅलो... एक लादी हवी होती. मोठी." आवाज बाईचा, इतका हळू की शिवाजीशेठने चावणं थांबवलं. "चिंचणीला. हिराबाईंकडे."

"हिराबाई कुठेयत? नेहमी त्याच करतात फोन."

"आई किनाऱ्यावर गेल्यात. मी सून. दीपिका."

"अरे वा! नवी सून! कुठली तुम्ही?"

"दातिवऱ्याची."

"पाठवतो, पाठवतो. टेम्पोवाल्याला तुमचा नंबर देतो, त्याला नीट सांगा काय ते."

आता इथेच घोळ झाला, आणि तो समजून घ्या. हिराबाई फोनवर कधी 'लादी' म्हणत नसत. 'बरफ पाठव' एवढंच. त्यामुळे टेम्पोवाल्या रामूच्या मोबाइलमध्ये त्यांचा नंबर 'बरफ मौसी' या नावाने होता. दीपिकाच्या माहेरी मात्र बर्फाला लादीच म्हणत असावेत. लग्न होऊन महिना झालेला, नाव बदललं, आडनाव बदललं, पण जिभेवरचे शब्द काही कुणी मांडवात उतरवून ठेवत नाही. रामूने तिला फोन केला, ती 'लादी' म्हणाली, आणि त्याने नंबर जपून ठेवला, 'लादीवाली भाभी'.

त्याच्याकडे एक लादीवाली भाभी आधीच होती.

रामू हा उत्तरेकडचा माणूस. टेम्पो स्वतःचा, भाडं जे मिळेल ते. सकाळी बर्फ, दुपारी सिमेंट, संध्याकाळी गणपती. मला भुशात लोळवून, गोणपाट पांघरून त्याने टेम्पोत चढवलं तेव्हा मी मनात म्हटलं, चला, सुटले. भुसा कोरडा होता, सकाळचं ऊन अजून तापलं नव्हतं, चिंचणी काही लांब नाही. मी अख्खी पोचणार होते.

चाक फिरवता फिरवता रामूने फोन लावला. "भाभी, लादी लेके निकला हूँ. किधर उतारना है?"

पलीकडून ठणठणीत आवाज आला, "किधर म्हणजे? कुंभवली! मारुतीच्या देवळाच्या मागे! मिस्त्री कधीचा बसलाय, जल्दी आव!"

मला तेव्हाच कळलं. अहो, सकाळचा तो आवाज आणि हा आवाज यात मांजर आणि भोंगा इतका फरक होता! पण रामूने टेम्पो कुंभवलीकडे वळवला. मी आतल्या आत तडकले. खरंच तडकले, एक लांब चीर गेली. कुणाला ऐकू आली नाही.

कुंभवलीत वसाहतीच्या धुराड्यांकडे तोंड करून एक नवा बंगला उभा होता. मालकीण वर्षाराणी दारात कमरेवर हात ठेवून. तिचा नवरा एका कारखान्यात पाळीवर असतो आणि दोघं अजून शेजारच्या पत्र्याच्या खोलीतच राहतात, कारण बंगल्याची वास्तुशांत व्हायची आहे. दिवाणखान्यात लादी बसवून वर्ष उलटलं. स्वयंपाकघराची तेवढी बाकी.

रामू आणि मिस्त्रीने फळी लावून मला उतरवलं. फळी निसटली आणि मी थेट दिवाणखान्याच्या उंबऱ्याआत जाऊन थांबले. गोणपाट बाजूला झालं.

वर्षाराणीने माझ्याकडे पाहिलं. मग रामूकडे. "हे काय हाय?"

"लादी, भाभी. एक नंबर माल. आरपार दिखता है."

मिस्त्री भिंतीला टेकून खो खो हसायला लागला. "भाभी, हॉल में बिठा दूँ? ए.सी. का खर्चा बचेगा!"

"हसतोस काय मेल्या! माझ्या लादीवर पाणी सांडतंय, डाग पडंल तिला!" तिने धावत जाऊन पोतेरं आणलं आणि माझ्याभोवती गुडघ्यावर बसून पुसायला लागली. मी वितळत होते, ती पुसत होती. तिने पुसलं की मी आणखी वितळायचे. माझं जे पाणी मासळीच्या कल्ल्यातून वाहायचं, ते पोतेऱ्यात पिळून मोरीत जात होतं. वितळायचं मला दुःख नाही हो. वितळायलाच जन्मले मी. पण हे असं? पोतेऱ्यात?

माझ्याखालची ती घरातली लादी थंडपणे म्हणाली, "बाई, तुमचं आटपा. आम्हाला ओल चालत नाही."

"तू कशासाठी आहेस इथे?" मी विचारलं.

"मला शंभर वर्षं काही होत नाही. दुकानदाराने लिहून दिलंय."

"कोण चालतं तुझ्यावर?"

"अजून कुणी नाही. यांच्या सासूबाई एकदा आल्या होत्या. त्यांना कडेकडेने जायला सांगितलं." मग जरा खालच्या आवाजात, "माझ्यावर प्लास्टिक असतं एरवी."

इतक्यात रामूचा फोन वाजला. त्याने पडद्यावर पाहिलं, मग वर्षाराणीकडे पाहिलं. लादीवाली भाभी तर समोर पोतेरं पिळत होती!

"दादा," तोच हळू आवाज, पण आता कापरा, "बोट खाडीत शिरली. लादी अजून आली नाय."

"भाभी... आप कौन सी वाली लादी?"

पलीकडे वारा, बायांचा गलका. मग, "बर्फ. बर्फाची लादी, दादा."

"हे भगवान," रामू म्हणाला. आणि आज सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मनातलं बोललं.

पुन्हा फळी, पुन्हा भुसा. पण भुसा आता ओला. ऊन चढलेलं. नाक्यावर एक कंटेनर आडवा पडलेला, त्याच्यापुढे कारखान्यांच्या बसगाड्या, आणि प्रत्येक गाडीतला माणूस हॉर्न वाजवतोय जणू हॉर्नने कंटेनर उभा राहणार. रामू खाली उतरून गर्दीतल्या गर्दीत कंटेनरवाल्याला आडवी गाडी उभी कशी करावी ते शिकवायला लागला. टेम्पोच्या फटीतून माझी धार लागली होती. मागच्या मोटारसायकलवाल्याने बाटली पुढे करून तीत माझं थोडं पाणी धरलं आणि तोंडावर मारलं. निदान त्याला बरं वाटलं असेल. मी मनातल्या मनात फक्त ओरडत होते, चला! चला! चला!

आणि त्यात रामूचा फोन. वर्षाराणी. "ती गेली ते ठीक हाय, पण माझी लादी कधी आणतोस?"

चिंचणीच्या किनाऱ्यावर पोचले तेव्हा मी अर्ध्याहून कमी उरले होते.

बोट येऊन लागली होती. दीपिकाचा नवरा कमलेश आणि त्याचा भाऊ गुडघाभर पाण्यात उभे राहून टोपल्या वर देत होते. पापलेट. हिराबाईंनी ओल्या गोणपाटाखाली ती रांगेत झाकली होती आणि त्या स्वतः रांगेच्या टोकाला बसल्या होत्या, मांजर-कावळे हाकत. आजूबाजूला बायांचा घोळका. अशा घोळक्याला काम नसलं की तोंड असतं.

मी टेम्पोत असतानाच त्यांच्या बोलण्यातून सगळं कळलं मला. लग्नानंतर बोट पहिल्यांदाच पाण्यात गेली होती. मधे यंत्र बिघडलं होतं. म्हणजे ही पहिली मासळी नव्या सुनेच्या पायगुणाची. मासळी तर आली होती घसघशीत. पण किनाऱ्यावर नासली, व्यापाऱ्याच्या माणसाने नाक मुरडून सोडली, तर पुढे कितीही बोटी भरून येवोत, या घराबद्दल बोलताना लोक आधी तेच सांगणार. पायगुण एकदा चिकटला की धुतला जात नाही. समुद्र समोर असला तरी.

मला वाळूवर उतरवलं, तशी जिवली नावाची शेजारीण माझ्यावरच्या गोणपाटाचं टोक उचलून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय गं हिरा, सून लादी मागवते म्हनं? महाल बांधतेस का काय?"

बाया हसल्या. हिराबाई हसल्या नाहीत. "बांधते. तुला बोलवीन लादी पुसायला."

मग त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. "येवढी एकच गोष्ट सांगितली होती तुला. फोन कर. बरफ, म्हनायचं. येवढा शब्द नाय येत तुमच्या दातिवऱ्याला?"

मी दीपिकाला पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. हातातला चुडा अजून हिरवागार, पदर कमरेला खोचलेला, आणि डोळे मासळीवर. ओठ मिटलेले, कारण बोललं तर रडू येईल, हे तिला माहीत होतं. कमलेश पाण्यातून वर बघून, "आई, जाऊ दे ना," एवढं म्हणाला आणि लगेच दोरीत गुंतला. नवरे असे मोक्याच्या वेळी दोरीत गुंततात.

"व्यापाऱ्याची गाडी कदी येनार?" जिवलीने विचारलं.

"निघालीय म्हनतो."

निघालीय. या शब्दावर माझा आज काडीचा विश्वास उरलेला नाही.

हिराबाईंनी माझ्यावर हात ठेवला. खरखरीत, मिठाने भेगाळलेला हात. त्यांनी मला वरून खालपर्यंत चाचपलं. "केवढीशी राहिली. हिला फोडू नका. अशीच अख्खी ठेवा मदी, भोवती मासळी रचा, वर गोणपाट. फोडली तर गाडी यायच्या आत पानी होईल. अशी ठेवली तर पालघरपर्यंत तरी टिकंल."

टिकेल! पुन्हा तेच!

आणि वाईट म्हणजे, त्या चुकीचं बोलत नव्हत्या. अख्खी राहिले असते तर मी टिकले असते. कदाचित पालघरच्या बाजारापर्यंत, कदाचित पुढेही. टबाच्या मधोमध बसून राहिले असते, मला टेकलेली चार पापलेटं गार ठेवली असती, आणि बाकीची माझ्यादेखत मऊ पडत गेली असती. मला ती भिंतीला चिकटलेली म्हातारी आठवली. 'मी आहे.' किती घाबरले म्हणून सांगू! फोडा, मी म्हणत होते, अगं कुणीतरी फोडा मला! पण बर्फाचं कोण ऐकतं? आम्ही नुसते गळतो आणि लोकांना वाटतं, ऊन आहे.

टब आणला. दोघा भावांनी मला उचलायला हात घातला.

"आई," दीपिका म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण हा आवाज त्या किनाऱ्यावर अजून कुणी नीट ऐकलाच नव्हता.

"आपल्याला टिकवायचं काय हाय? बर्फ का मासळी?"

हिराबाई सुनेकडे बघत राहिल्या. माझी धार वाळूत जात होती. मला वाटलं, आता ही बाई ओरडणार, उलट बोलतेस म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर ते येऊन गेलंही. पण मग त्यांची नजर मासळीवरच्या गोणपाटावर गेली, आणि त्यांनी तिथूनच जिवलीला सांगितलं, "टोच्या दे तिला."

टोच्या म्हणजे बर्फ फोडायची टोकदार सळई. दीपिकाने तो दोन्ही हातांत धरला. बांगड्या मागे सारल्या. पहिला घाव सकाळी पडलेल्या माझ्या त्या चिरेवरच बसला, आणि मी दुभंगले. दुसरा. तिसरा. ती रागाने मारत होती. महिन्याभराचं न बोललेलं सगळं त्या सळईत उतरलं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सकाळपासून मीही रागातच होते की! दोघींचा राग एकाच ठिकाणी चांगला उपयोगी पडला.

"बारीक कर, बारीक," हिराबाई आता स्वतःच वाकून म्हणत होत्या. "कल्ल्यात भर आदी. पोटाशी दे. आनि तळाला एक थर."

जिवलीही बसली. हसणाऱ्या त्या बायाही बसल्या. मी मुठीमुठीने वाटली गेले. एका पापलेटाच्या कल्ल्यात, दुसऱ्याच्या पोटाशी, तिसऱ्याच्या डोळ्यावर. मी कुठेच अख्खी नव्हते आणि सगळीकडे होते. इतकी गार मी कारखान्यातही नव्हते. कुणाला तरी गार करायला लागलं की आपण किती गार आहोत ते कळतं.

व्यापाऱ्याची गाडी आली तेव्हा माझं निम्मं पाणी झालं होतं. त्याचा माणूस उतरला, एक पापलेट उचललं, बोटाने दाबलं. खड्डा पडला नाही. कल्ला उघडून पाहिला. लाल. दुसरं उचललं. तळातलं काढून पाहिलं, कारण त्याला या धंद्यातले सगळे डाव माहीत असतात. तेही लाल.

"चढवा," तो म्हणाला.

घोळक्यातली एक बाई लगेच पलटली. माणसं पलटतात तेव्हा आवाज होत नाही, हे मला आज दिसलं. "बगा, म्हनलं नव्हतं मी? सुनेचा पायगुन चांगला हाय!"

हिराबाई हात धूत होत्या. त्यांनी मागे न बघता सांगितलं, "पायाचं मला नाय म्हाईत. हातगुन हाय पोरीला."

दीपिका टोच्या पुसत होती. ती पुसतच राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

तर अशी मी. आता पालघरच्या वाटेवर आहे, टबात, मासळीच्या मधे. लादी म्हणावं असं काही उरलेलं नाही. काही खडे आहेत, बाकी पाणी, तेही टबाच्या भोकातून रस्त्यावर ठिबकतंय. माझ्या ओल्या रेषेवरून मागून येणाऱ्या गाड्या जातायत. बाजार येईपर्यंत मी संपेन आणि मासळी तोवर कडक राहील. हिशेब बरोबर आहे.

दुःख विचाराल तर एकच. सकाळ वाया गेली. मोठी होते तेव्हा मला पोतेऱ्यात पिळलं, नाक्यावर उभं केलं, आणि खरं काम मिळालं तेव्हा मूठभर उरले होते. अख्खी वेळेवर पोचले असते तर शेजारच्या बोटीच्या मासळीलाही पुरले असते. माझं आयुष्य लहान होतं याची तक्रार नाही. लहानच असतं ते. त्यातलं सुद्धा लोकांनी असं वाटेत सांडावं, याची चीड येते. तेव्हा जाता जाता सांगते, माझ्यासारखीला जपू नका. जिथे जायचंय तिथे नेऊन सोडा आणि फोडा.

हे काय? गाडी का थांबली?

दार उघडल्याचा आवाज आला. हा नवा चालक खाली उतरतोय. "दो कटिंग!" म्हणाला कुणाला तरी.

अहो दादा! पालघरला प्या ना चहा! मी काय दिवसभर आहे का इथे?